खुराड्याला भाऊबिजेचा रंग

कन्हानजवळून
८ ऑक्टोबर २०२४

चि. ओमप्रकाशला ताईचे आशीर्वाद. माझा राग उतरला की तुझ्यापर्यंत पोचतील.

फोन सोडून पत्र का लिहिते, असं विचारू नकोस. कानाचं मशीन तू खिशात ठेवतोस आणि फोनवर नुसता "हो, हो" करतोस. पंधरा मिनिटं मी बोलते आणि शेवटी तू म्हणतोस, "बरं, मग ठेवतो." कागदाला तरी उत्तर द्यावं लागेल. अंकुशचा टेम्पो एक दिवसाआड भाजी घेऊन इतवारीत येतो. त्याच्या हाती हे पत्र आणि डझनभर अंडी पाठवते आहे. अंडी तुझ्या नातीसाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत.

आता मुद्दा. तुझे भाऊजी गेल्यापासून मागच्या विटांच्या खोलीत मी कोंबड्या पाळल्या आहेत हे तुला माहीत आहे. पाचाच्या आता चौसष्ट झाल्या. या कोंबड्या आहेत म्हणून मी कुणाच्या घरी जाऊन राहत नाही, कुणाच्या सुनेला "बाई, चहा देतेस का" असं विचारत नाही. पण त्या खोलीच्या भिंतींना भेगा पडल्या आहेत. भेगांत गोचिडी बसतात आणि कोंबड्यांचं रक्त पितात. भिंतींना आतून काहीतरी लावायलाच हवं.

इथे जो येतो तो शहाणपण शिकवतो. शेजारची कौशल्या म्हणते शेणानं सारव. अंकुश म्हणतो डांबर फास. सरपंचाच्या भावानं टाइल्स बसवल्या आहेत, पण त्याच्या कोंबड्या माझ्यापेक्षा श्रीमंत आहेत. पशुवैद्यकीय दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणते, कळीचा चुना भिजवा आणि वर्षातून तीनदा पोता, त्याच्यासारखं काही नाही. माझंही मन चुन्यावर आहे.

तू रंगाचा व्यापारी. तुला विचारलं नाही तर तुझं नाक चढेल, म्हणून विचारते. आणि यंदा भाऊबिजेला साडी आणू नकोस. मागच्या वर्षीची साडी पहिल्याच धुण्यात बादलीत उतरली. मी बाई म्हणून ती नेसले तरी, कोंबडी नेसली नसती. यंदाची माझी ओवाळणी म्हणजे या चार भिंती. त्या धड करून दे.

रंभा

इतवारी, नागपूर
१७ ऑक्टोबर २०२४

ती. रंभाताईस नमस्कार.

तुझं पत्र मी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर उघडलं ही माझी चूक. साडीचं वाचून पियूष हसला. बापाला हसायला त्याला आजकाल कारण लागत नाही, तू ते आयतं पुरवलंस.

चाळीस वर्षं मी या धंद्यात आहे. अर्ध्या इतवारीच्या भिंती मी सुचवलेल्या रंगात उभ्या आहेत आणि तू मला डॉक्टरणीचं मत कळवतेस. डॉक्टरणीनं सुया टोचाव्यात. चुना पानात खातात, ताई. भिंतीला लावला तर तीन महिन्यांत पिठासारखा उडतो, कोंबड्यांच्या पिसांना लागतो, तुझ्या लुगड्याला लागतो. शेणाचं तर नावच काढू नकोस, गोचिडीला तेच आवडतं.

मी ठरवलं आहे. ऑइल पेंट. पिवळा. भेगा भरून येतात, ओल्या फडक्यानं भिंत पुसता येते, किडा टिकत नाही. तुला एक पैसा खर्च नाही आणि मत द्यायचंही कारण नाही. भाऊबिजेला मी स्वतः घेऊन येतो.

दुकान आता पियूष बघतो हे खरं. पण मालाला हात लावायला मला अजून कुणाची परवानगी लागत नाही. हे तुला कुणी वेगळं सांगितलं असेल तर त्याचं नाव कळव.

अंडी चांगली होती. नातीनं दोन खाल्ली आणि तिसरं मागितलं.

ओमप्रकाश

कन्हानजवळून
२२ नोव्हेंबर २०२४

चि. ओमप्रकाशला आशीर्वाद.

भाऊबिजेला आलास, ओवाळून घेतलंस, सहा डबे अंगणात ठेवलेस आणि करंजीचा घास तोंडात असतानाच बस पकडायला पळालास. डब्यांवरचे कागद कुठे गेले ते मी विचारलं नाही. झाकणं गंजलेली दिसली तरी बोलले नाही. ओवाळणीत आलेली वस्तू उलटून बघायची नाही, असं आईनं आपल्या हातावर फटके देऊन शिकवलं आहे. तू एक सुपारी टाकली असतीस तरी मी तोंड उघडलं नसतं.

आता ओवाळणी होऊन एकोणीस दिवस झाले, आता बोलते.

रंगाला वर बोटभर साय आली होती आणि खाली सगळा गाळ. मी आणि कौशल्यानं टर्पेंटाइन घालून काठीनं ढवळून ढवळून तो पातळ केला. दोन दिवस सकाळी शाळेत मुलांची खिचडी शिजवून ती सरळ माझ्याकडे आली आणि शिडी धरून उभी राहिली. भिंत बघून म्हणाली, "काहून वं, चुन्यावर हा रंग धरते का? दरसाल दिवाळीले तूच तं चुना मारत होती इथं." मी म्हटलं, "माह्या भावाचं रंगाचं दुकान आहे, तुह्या भावाचं आहे का?" बिचारीनं पुन्हा शिडी धरली.

रंग झाला तेव्हा खोली अशी झळाळली की गावातल्या बाया बघायला आल्या. मी आठ दिवस कोंबड्या बाहेर जाळीत ठेवल्या, वास गेल्यावर आत सोडल्या. खोटं लिहीत नाही, चार दिवस मी तुझं कौतुक करत फिरले.

पाचव्या दिवसापासून रंग पापडासारखा सुटायला लागला. नखाएवढे, बोटाएवढे तुकडे खाली पडतात आणि कोंबड्या ते टिपतात. मका समजतात मेल्या. झाडून संध्याकाळी यावं तर सकाळी पुन्हा तेवढेच. हाच का तुझा भारी माल?

वरून कौशल्याशी भांडण झालं. कोंबड्यांनी तिचा मेथीचा वाफा उकरला. ती म्हणाली, "एक दिवस दवाई टाकीन मंग समजन." टाकून बघ म्हणावं.

सोबत अंडी पाठवली आहेत.

रंभा

इतवारी, नागपूर
२६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

कौतुक केलंस ते चार दिवस आणि शिव्या मात्र दोन पानं. ठीक आहे.

चुन्याच्या भिंतीवर ऑइल पेंट मारण्याआधी चुना खरवडून काढायचा असतो. पॉलिश पेपरनं घासायचं असतं, प्रायमर लावायचा असतो. दुकानातला हमालही हे सांगेल. तुझ्या त्या कौशल्यालासुद्धा कळलं आणि तुला कळलं नाही. तू आधी चुन्याचे वीस थर खाली ठेवून वर रंग फासणार आणि मग सुटला म्हणून माझ्या नावानं ओरडणार. माझ्या मालाची काही चूक नाही.

आता करायचं ते एवढंच. पडलेले तुकडे रोज दोनदा झाडून पोत्यात भर. कोंबड्या काही दिवस बाहेरच राहू देत. कारण विचारत बसू नकोस. धाकटा असलो तरी या बाबतीत मला जास्त कळतं.

आणि अंडी पाठवायचा त्रास घेऊ नकोस. थंडीत नातीला खोकला होतो.

ओमप्रकाश

कन्हानजवळून
१५ डिसेंबर २०२४

चि. ओमप्रकाश,

माझ्या अकरा कोंबड्या मेल्या.

आधी त्यांचे पाय गेले. एका जागी बसायच्या, उठायचा प्रयत्न करायच्या आणि कलंडायच्या. हिरवी विष्ठा, मान खाली. ती तांबडी तुऱ्याची, जी तुझ्या धोतराच्या सोग्याला चोच मारायची, तिला मी दोन दिवस मांडीवर घेऊन पाणी पाजलं. ती मंगळवारी गेली. मी कोंबडीसाठी रडले आणि मला त्याची लाज वाटत नाही.

हे कुणी केलं ते मला ठाऊक आहे. कौशल्यानं दवाई टाकीन म्हटलं होतं आणि तिनं टाकली. तिच्या घरी उंदराच्या औषधाची पुडी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. तीस वर्षं आम्ही एका विहिरीचं पाणी प्यायलो, माझ्या आजारपणात तिनं माझं डोकं धुतलं, आणि चार मेथीच्या काड्यांसाठी तिनं माझं घर बुडवलं.

मी सोडलं नाही. रविवारी पीठगिरणीवर पंधरा माणसं उभी होती, त्यांच्यासमोर विचारलं. ती म्हणाली, "पुडी उंदरासाठी आणली वं, घरातच टाकली. माह्या लेकराची शपथ. मी कोंबड्याइले काहून मारीन?" मी म्हटलं, "विष घालनारा हात लेकरायची खिचडी शिजवून राहिला अन् तुम्ही सगळे पाहून राहिले."

दुसऱ्या दिवशी आठ मुलांनी डबे घरून नेले. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी कौशल्याला सांगितलं की तूर्त येऊ नका. दोन जानेवारीला अकरा वाजता शाळेत पालकांची बैठक आहे. तिला कायमचं काढायचं की नाही ते तिथे ठरेल. मी सांगणार आहे. तूही ये. शहरातला माणूस बोलला की लोक ऐकतात.

तुझ्या नातीच्या खोकल्याचं मला समजलं नाही. थंडीत अंडं चांगलंच असतं. डझनभर पाठवली आहेत.

रंभा

इतवारी, नागपूर
१९ डिसेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

कोंबड्यांचं वाचून वाईट वाटलं. थंडीत मानमोडी येते, गावोगाव कोंबड्या मरतात, त्यात नवीन काय? लस टोचून घे. बैठकीचा नाद सोड. उगाच एका गरीब बाईवर आळ घेऊ नकोस, तिनं काही केलं नसेल.

मी तुला तीस पिल्लं घेऊन देतो. गावरान, चांगल्या जातीची. जुन्या कोंबड्या विकून टाक, नाहीतर कुणाला देऊ नकोस, पुरून टाक. खोली काही दिवस बंद ठेव.

तब्येतीला जप. मला यायला जमणार नाही, दुकानात वर्षअखेरीची गडबड आहे.

ओमप्रकाश

कन्हानजवळून
२४ डिसेंबर २०२४

ओमप्रकाश,

लस मी सप्टेंबरातच टोचली आहे. डॉक्टरीण आली होती, तिनं मेलेली एक कोंबडी तपासायला नेली. मानमोडी नाही असं ती पहिल्याच नजरेत म्हणाली. इतवारीत बसून तुला कोंबडीचं निदान कसं होतं ते मला एकदा शिकव.

आणि तू कौशल्याची बाजू घेतोस? ज्या बाईला तू आयुष्यात चारदा पाहिलंस तिच्यासाठी तुझा जीव तुटतो, बहिणीच्या आता एकोणीस कोंबड्या मेल्या त्याचं काही नाही. विकून टाक नाहीतर पुरून टाक म्हणतोस. एका दमात दोन गोष्टी सांगतोस, तुझं तुला तरी कळतं का?

कौशल्याचं काम बंद होऊन दोन आठवडे झाले. तिचा मुलगा दुसऱ्याच्या शेतावर सालदार, सून आजारी, घर त्या खिचडीच्या कामावर होतं. ती दारावरून जाते तेव्हा मान वर करत नाही. ते बघून मला बरं वाटतं. अर्धं बरं वाटतं. उरलेल्या अर्ध्याचं मी बघून घेईन, तू त्यात पडू नकोस.

तब्येतीला जप म्हणालास म्हणून सांगते. पोटात कळा येतात आणि तोंडाला सारखी खिळा चोखल्यासारखी चव असते. या वयात चालायचंच. जेवण जात नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ एक एक अंडं उकडून खाते, त्याच्यावरच दिवस निघतो.

दोन तारखेला तू आला नाहीस तरी मी बोलणार.

रंभा

इतवारी, नागपूर
२८ डिसेंबर २०२४

ताई,

अंडी खाऊ नकोस. पुढचं पत्र नंतर वाच, आधी घरात असलेली अंडी खड्ड्यात टाक.

आता वाच.

ते सहा डबे दुकानाच्या माळ्यावरचे होते. नऊ-दहा वर्षं पडलेले. त्या काळच्या पिवळ्या रंगात शिसं फार असायचं. शिसं म्हणजे विषच, हळूहळू मारतं. पियूषनं ते डबे बाजूला काढले होते, विकायचे नाहीत असं प्रत्येकावर लिहून चिकटवलं होतं. ते कागद मी फाडले. तुझ्या अंगणात आणायच्या आधी, बसस्टँडवर बसून फाडले.

का, ते विचारशील. ज्या दुकानात मी चाळीस वर्षं बसलो तिथे आता एक डबा उचलायचा तर पियूषला सांगावं लागतं, तो कॉम्प्युटरमध्ये लिहितो. बहिणीच्या ओवाळणीसाठी पोरापुढे उभं राहायचं मला जमलं नाही. आणि तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं गेलं होतं, साडीवरून तो हसला होता. मला वाटलं, माळ्यावरचे डबे गेले तर कुणाला कळणार? कोंबड्यांचीच खोली आहे, भिंत कोण चाटतं? नंतर तू लिहिलंस की त्या तुकडे टिपतात. तेव्हा मला कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तुला झाडू मारायला सांगितलं.

अजून एक आहे. नोव्हेंबरपासून तू पाठवलेलं एकही अंडं मी घरात जाऊ दिलं नाही. मागच्या नालीत नेऊन फोडली. परवा पियूषनं मला तसं करताना पकडलं आणि सगळं बाहेर आलं. तो माझ्याशी बोलत नाही. तो तुला न्यायला येणार आहे, इथे धंतोलीतल्या दवाखान्यात रक्त तपासून घेऊ.

त्या बाईचा काही दोष नाही. बैठकीत जाऊ नकोस, विषय आपोआप विझेल.

वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक.

ओमप्रकाश

कन्हानजवळून
२९ डिसेंबर २०२४

ओमप्रकाश,

पत्र फाडलं नाही.

तुझ्या नातीला अंडं दिलं नाहीस. बरं केलंस, पोर लहान आहे. पण मी रोज दोन खात होते, ओम. मी अंडी खाते का, हे तू एकदाही विचारलं नाहीस. तू अंडी नालीत फोडून यायचास, हात धुवायचास आणि मला लिहायचास की तब्येतीला जप. आई असती तर तुला चुलीतल्या लाकडानं मारलं असतं आणि मी मधे पडले नसते.

डब्यांचं मी कदाचित एक दिवस गिळून टाकीन. तू चोर नाहीस, तू भित्रा आहेस, लहानपणापासून आहेस. पाटी फुटली तेव्हाही मीच फोडली असं सांगितलं होतंस. पण कौशल्याचं मी तुला स्पष्ट लिहिलं होतं. तिचं काम गेलं, लोक तिच्याकडे थुंकल्यासारखं बघतात, हे तुला कागदावर दिसत होतं. तू दोन आठवडे ते पाहत बसलास आणि मला पिल्लं देऊ केलीस.

विषय आपोआप विझत नाही. पेटवला मी आहे.

दोन तारखेला अकरा वाजता शाळेत ये. कानाचं मशीन लावून ये. सगळ्यांसमोर उभं राहा आणि डबे तू दिलेस असं सांग. तू आला नाहीस तर मी तुझं पत्र वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, फाडून टाक म्हटलंस त्यासकट.

रंभा

इतवारी, नागपूर
१ जानेवारी २०२५

ताई,

छातीत कफ झाला आहे, मी येऊ शकत नाही. तुझ्या पाया पडतो, पत्र वाचू नकोस. चाळीस वर्षांचं दुकानाचं नाव आहे. त्या बाईला मी वर्षभराचा किराणा भरून देतो. हवं ते सांग, फक्त चारचौघांत नको.

ओमप्रकाश

कन्हानजवळून
२४ जानेवारी २०२५

ओमप्रकाश,

तीन आठवडे लिहिलं नाही कारण लिहायला बसले की कागद फाटेल एवढ्या जोरात पेन दाबलं जायचं. आज जरा हलक्या हातानं लिहिते, पण राग गेला असं समजू नकोस.

बैठकीला शंभरेक माणसं होती. कौशल्या मागे भिंतीला टेकून उभी होती, तिला कुणी सतरंजीवर बसायला सांगितलं नव्हतं. मी तुझं पत्र वाचलं. अंडी नालीत फोडल्याचंही वाचलं. मनात म्हटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं चूक कुणाची. आता मी मोकळी. पत्राची घडी घालून मी खाली बसायला लागले.

कौशल्या मागून म्हणाली, "बसू नको."

मी उभी राहिले.

"रंग त्याचा होता," ती म्हणाली, "तोंड तं तुहं होतं ना वं? त्यानं तं मले पाह्यलंबी नाही. तू मले तीस वर्सं पाहून राहिली. तुले एकडाव माह्या घरी येऊन इचारता नाही आलं?"

मी म्हटलं, "माह्यं चुकलं." एवढंच. तेही इतकं हळू की मुख्याध्यापकांनी पुन्हा बोलायला लावलं. मी दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं.

मग सगळे घाईघाईनं गोड झाले. मुख्याध्यापक म्हणाले, कौशल्याबाई, उद्यापासून या. गिरणीवर जे मान डोलवत होते तेच म्हणायला लागले, आम्हाला तर आधीच शंका होती. मीही त्यांच्यातलीच, म्हणून त्यांना बोलायचं मला तोंड नव्हतं. कौशल्या म्हणाली, "येतो मी. पन पह्यला घास हिनं खायचा. रोज. सगळ्या लेकरायच्या समोर." मुख्याध्यापकांनी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "मी सांगीन तवापर्यंत."

दोन दिवसांनी पियूष आला. चांगला पोरगा आहे, तुझ्यावर गेला नाही. धंतोलीत रक्त तपासलं. शिसं आहे, पण डॉक्टर म्हणाले अंडी बंद केलीत म्हणजे हळूहळू उतरेल, दोन महिन्यांनी पुन्हा या. डॉक्टरणीनं नेलेल्या कोंबडीतही शिसंच निघालं. एकूण एकोणतीस कोंबड्या गेल्या. उरलेल्या पस्तीसांची अंडी अजून बरेच महिने खायची-विकायची नाहीत, मी ती पुरते. घर कसं चालवते ते विचारू नकोस आणि पाकीट पाठवू नकोस.

सहा तारखेला तू आलास. मी शाळेत आणि तिथून कन्हानच्या बाजारात गेले असताना, गाव शेतावर असताना, तोंडाला रुमाल बांधून, पाणी मारून मारून तू चारही भिंती खरवडल्यास आणि पोती भरून पियूषच्या गाडीत टाकलीस. संध्याकाळी मी आले तेव्हा तुझे हात सोलून निघाले होते. मी चहा विचारला नाही आणि तू मागितला नाहीस. भिंती स्वच्छ निघाल्या, खालच्या विटा दिसायला लागल्या. काम चांगलं केलंस हे कबूल. पण ओम, तू भिंतीसमोर कबुली द्यायला आलास. माणसांसमोर यायला तुझा कफ आडवा आला. कौशल्या पलीकडेच अंगणात मेथी निवडत बसली होती, चार पावलं होती. तू गाडीत बसून खिडकीची काच वर केलीस, ते मी पाहिलं. तिनंही पाहिलं.

परवा मी कळीचा चुना भिजवला आणि एकटीनं पोतला. शिडी धरायला कुणी नव्हतं, म्हणून वरची हातभर पट्टी तशीच राहिली आहे. डॉक्टरीण म्हणाली चालेल.

रोज सकाळी साडेदहाला मी शाळेत जाते. मुलं ओळीनं बसलेली असतात, त्यांच्यासमोर मधोमध एक पाट मांडलेला असतो. कौशल्या पातेल्यातून एक डाव माझ्या ताटात वाढते. माझ्याकडे बघत नाही, बोलत नाही. पहिल्या दिवशी मुलं हसली, आता हसत नाहीत, फक्त मी गिळते की नाही ते बघतात. मी गिळलं की ती मुलांना वाढायला घेते. सुट्ट्या सोडल्या तर आज अठरावा दिवस झाला. घास उतरत नाही, पण उतरवते.

तुला यायचं असेल तर ये. तिच्या दारात जा आणि जे पत्रात लिहिलंस ते तोंडानं सांग. ती माफ करणार नाही, मलाही केलेलं नाही. तरी जा. तोपर्यंत माझ्या उंबऱ्याशी राखी नाही आणि भाऊबीजही नाही. हे रागानं लिहिलं आहे आणि राग उतरल्यावरही तसंच राहील.

आज खिचडीत मीठ कमी होतं. मी काही बोलले नाही.

रंभा